काम सुरू होण्यापूर्वीचा अर्धा तास: बांधकामावरील अपघात कसे टाळावेत

बांधकामावर अपघात झाला की सर्वांत आधी विचारले जाते, ‘हेल्मेट घातले होते का?’ प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार उशिराचा आहे. माणूस स्लॅबच्या कडेवरून खाली गेला असेल, तर त्या कडेला कठडा का नव्हता हे आधी विचारायला हवे, आणि कठडा नाही हे त्या सकाळी कोणी पाहिले होते का, हे त्याहूनही आधी. अनेक वर्षे पर्यवेक्षक म्हणून काम केल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, बहुतेक दुखापतींचा निकाल काम सुरू होण्यापूर्वीच लागलेला असतो. म्हणून मुकादम, पर्यवेक्षक आणि आपले काम आपणच आखणारे कारागीर यांनी सकाळच्या त्या अर्ध्या तासात काय पाहावे, आणि एवढे करूनही काही निसटलेच तर पुढच्या काही मिनिटांत काय करावे, हे येथे सांगत आहे.

पाहणीला निघण्यापूर्वी विचारांचा क्रम पक्का असावा. धोका मुळातूनच काढून टाकता येतो का, हे प्रथम पाहावे. तुळईच्या सळयांचा सांगाडा स्लॅबच्या कडेवर उभे राहून बांधण्याऐवजी जमिनीवर बांधून क्रेनने वर नेता आला, तर कितीतरी तासांचे उंचीवरचे काम संपते. ते शक्य नसेल तर कमी धोक्याची पद्धत, तीही नसेल तर कठडा किंवा जाळी, त्यानंतर सूचना व फलक, आणि सर्वांत शेवटी हेल्मेट, हातमोजे, पट्टा. वैयक्तिक साधने शेवटी येतात, याचे कारण ती कमी महत्त्वाची आहेत असे नाही. ती दमलेल्या माणसाने दर वेळी आठवणीने आणि नीट वापरली तरच कामाला येतात, तर कठडा मात्र कोणाच्या आठवणीवर अवलंबून नसतो.

पाहणी एकट्याने करू नये. ज्या मजल्यावर आज काम चालणार आहे, तिथल्याच एका कामगाराला सोबत घ्यावे. काल संध्याकाळी कोणती फळी काढली, कोणता टेकू हलवला आणि कोणता जिना तात्पुरता बंद केला, हे त्याला माहीत असते. कागदावर ते कुठेच नसते.

कडा आणि भोके

सुरुवात वरच्या मजल्यापासून करावी आणि आधी कडा पाहाव्यात. मोकळ्या कडेला सुमारे 1 मीटर उंचीवर वरचा दांडा, त्याच्या निम्म्या उंचीवर दुसरा दांडा आणि खाली सुमारे 15 सेंटिमीटर उंचीची पायफळी, अशा तिन्ही गोष्टी हव्यात. पायफळी माणसासाठी नसून विटेसाठी आणि पान्यासाठी असते. तिच्या नसण्याने खालच्या माणसाचे डोके फुटते. प्लास्टिकची रंगीत पट्टी किंवा सैल दोरी म्हणजे कठडा नव्हे. ती कड दाखवते, पण तोल गेलेल्या माणसाला अडवत नाही. माल वर घेण्यासाठी कठडा काढावा लागला, तर तो काढणारा माणूस दोरीने अडकवलेला असावा आणि कठडा परत बसवल्याशिवाय त्याने जागा सोडू नये.

भोकांबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्यांचा फसवेपणा लवकर लक्षात येत नाही. एका साइटवर दोन बिगारी मजला साफ करत होते. डक्टच्या, म्हणजे पाइप आणि वायरी वर नेण्यासाठी स्लॅबमध्ये ठेवलेल्या पोकळीच्या, भोकावर आदल्या संध्याकाळी कोणीतरी प्लायवूडचा तुकडा टाकून ठेवला होता, आणि टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. सकाळी मात्र तो तुकडा इतर कचऱ्यासारखाच दिसत होता. एका बिगाऱ्याने त्याची कड दोन्ही हातांनी उचलली, तुकडा छातीसमोर उभा धरला आणि दोन पावले पुढे टाकली. समोरचे भोक त्याच प्लायवूडआड झाकले गेले होते. तो खालच्या स्लॅबवर उभा पडला आणि त्याच्या दोन्ही टाचांची हाडे मोडली. जे झाकण त्याला वाचवण्यासाठी होते, तेच त्याला भोकात घेऊन गेले. तेव्हापासून मी प्रत्येक झाकणाला पायाने बाजूने ढकलून पाहतो. झाकण सरकले तर ते झाकण नव्हेच. ते खिळ्यांनी किंवा स्क्रूने जागेवर बसवलेले असावे, दोन माणसांचा आणि भरलेल्या ढकलगाडीचा भार सहज पेलणारे असावे, आणि त्यावर ठळक लाल रंगात खूण असावी. सगळ्यांना वाचता येतेच असे नाही, म्हणून अक्षरांपेक्षा रंग आणि चिन्ह यांवर भर द्यावा. लिफ्टच्या पोकळीला तर माणसाच्या उंचीचे बंद दार हवे, आडवी बांधलेली एक सळई पुरत नाही.

परांची आणि शिडी

परांचीची पाहणी खालून वर करावी. परांचीच्या प्रत्येक पायाखाली बेसप्लेट, म्हणजे लोखंडी बैठक, आणि तिच्याखाली जाड फळी हवी. विटांच्या तुकड्यांवर उभे केलेले पाय पावसाने माती भिजली की एका बाजूला खचतात. तिरके आधार सगळीकडे आहेत का आणि परांची ठरावीक अंतरावर इमारतीला बांधलेली आहे का, हे पाहावे, कारण गिलाव्याच्या वेळी अडचण होते म्हणून हे बांधच सर्वांत आधी सोडले जातात. उभे राहण्याच्या पातळीवर फळ्या पूर्ण रुंदीत आणि एकमेकींना लागून असाव्यात आणि दोन्ही टोकांना बांधलेल्या असाव्यात. आधाराच्या फार बाहेर आलेल्या फळीच्या टोकावर पाय पडला की ती उलटते. वर जाण्यासाठी शिडी असावी. तिरक्या पाइपांवरून चढण्याची सवय मोडलीच पाहिजे. वादळ, जोराचा पाऊस किंवा गाडीचा धक्का यांनंतर परांची पुन्हा तपासल्याशिवाय तिच्यावर कोणालाही चढू देऊ नये, आणि तिच्यात बदल करण्याचा अधिकार ती बांधणाऱ्यालाच असावा.

शिडीचे गणित सोपे आहे: 4 मीटर उंचीला पाय भिंतीपासून 1 मीटर दूर, म्हणजे साधारण 75 अंशांचा कोन. शिडी वरच्या पातळीच्या पुढे सुमारे 1 मीटर निघालेली असावी, म्हणजे उतरताना धरायला काहीतरी राहते. ती वर बांधावी. दोन्ही हातांत सामान घेऊन चढू नये. सामान दोरीने मागून ओढून घ्यावे.

पट्टा अडकवला म्हणजे झाले का?

हार्नेस, म्हणजे अंगाभोवती बांधायचा सुरक्षा-पट्टा, घालून त्याच्या दोरीचा हूक कुठेतरी अडकवला की काळजी मिटली, असा समज साइटवर सर्रास आढळतो आणि तो घातक आहे. 3 मीटर उंचीवरून पडणारा माणूस एका सेकंदाच्या आतच जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी सुमारे 27 किलोमीटर असतो. तेव्हा काही धरायला वेळ नसतो, दोरीचे गणित आधीच झालेले असावे लागते.

ते गणित असे आहे. हार्नेसची नेहमीची दोरी सुमारे 1.8 मीटर लांब असते आणि ती पाठीवरच्या कडीला जोडलेली असते. ही कडी उभ्या माणसाच्या पायांपासून सुमारे 1.5 मीटर उंच असते. हूक पायांच्या पातळीवरच्या पाइपात अडकवला, तर दोरी ताठ होण्यापूर्वी माणूस 1.5 अधिक 1.8, म्हणजे 3.3 मीटर मोकळा पडतो. मग दोरीतली धक्का शोषणारी शिवण उसवत जाते आणि आणखी सुमारे 1 मीटर किंवा त्याहून जास्त अंतर जाते. कडीखाली लोंबणारे शरीर 1.5 मीटरचे. एकूण सुमारे 6 मीटर झाले, आणि त्यात सुरक्षेसाठी राखलेले अंतर अजून धरलेले नाही. म्हणजेच 4 मीटर उंचीवर काम करणारा माणूस, हार्नेस नीट घातलेला असूनही आणि हूक नीट अडकवलेला असूनही, जमिनीवर आपटेल. तोच हूक डोक्याच्या वर अडकवला तर मोकळे पडण्याचे अंतर अगदी थोडे उरते. म्हणून हूक वर अडकवावा, आणि खाली पुरेशी मोकळी जागा नसेल तर कठडा, जाळी किंवा माणसाला कडेपर्यंत पोहोचूच न देणारी आखूड दोरी वापरावी.

हूक कशात अडकवायचा, हे कामगारावर सोडू नये. पाण्याचा पाइप, खिडकीची चौकट, मोकळी सळई यांपैकी काहीही चालत नाही. मानकांमध्ये एका माणसाच्या आधारबिंदूसाठी 12 ते 22 किलोन्यूटन इतकी ताकद मागितलेली असते. म्हणजे ढोबळमानाने एखादी मोटारगाडी टांगता येईल इतकी. असे बिंदू अभियंत्याने ठरवून रंगवून ठेवावेत. नुसता कमरेचा पट्टा पडणाऱ्या माणसाला अडवण्यासाठी वापरू नये, कारण तो सगळा धक्का पोटावर आणि कण्यावर घेतो. खांदे, छाती आणि मांड्या यांवर भार वाटणारा संपूर्ण हार्नेसच हवा. एकदा धक्का बसलेला हार्नेस आणि दोरी पुन्हा वापरू नये, मग ती वरून कितीही चांगली दिसो.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. हार्नेसने माणूस वाचला, पण तो हवेत लटकला आहे. त्याला खाली कसे आणणार? हालचाल न करता लटकत राहिल्यास पायांत रक्त साचते, माणूस बेशुद्ध होतो आणि काही मिनिटांतच त्याच्या जिवाला धोका निर्माण होऊ शकतो. त्यामुळे शिडी, उचलयंत्र किंवा सुटकेची दोरी यांपैकी काय वापरायचे आणि ते कोण वापरणार, हे उंचीवरचे काम सुरू होण्याआधीच ठरलेले असावे. लटकलेला माणूस शुद्धीवर असेल तर त्याला पाय हलवत राहायला सांगावे.

खोदकाम

खड्डा बघताना माती किती घट्ट दिसते, यावर विश्वास ठेवू नये. 1 घनमीटर मातीचे वजन साधारण दीड ते दोन टन भरते. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाचे नाक-तोंड मोकळे असले, तरी प्रत्येक उच्छ्वासाबरोबर माती आणखी दाबून बसते आणि त्याला पुढचा श्वास घेता येत नाही. साधारण 1.2 ते 1.5 मीटरपेक्षा खोल चरात बाजूंना लाकडी किंवा लोखंडी आधार, पायऱ्या किंवा पुरेसा उतार दिल्याशिवाय कोणी उतरू नये, असा संकेत आहे. माती भुसभुशीत असेल, शेजारून गाड्या जात असतील किंवा पाणी झिरपत असेल तर त्याहून उथळ चरही धोक्याचा समजावा, विशेषतः त्यात वाकून किंवा बसून काम करायचे असेल तेव्हा.

काढलेली माती काठापासून किमान 60 सेंटिमीटर दूर टाकावी. जितकी दूर तितके चांगले. सकाळी काठावर उभे न राहता थोडे मागे थांबून काठाला समांतर गेलेल्या भेगा शोधाव्यात. अशी भेग म्हणजे बाजू सुटण्याची पूर्वसूचना असते आणि ती दिसताच चर रिकामा करावा. बाहेर पडण्यासाठी शिडी काम करणाऱ्याच्या जवळ हवी, चराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या शिडीपर्यंत पोहोचायला वेळ मिळत नाही. माती ढासळलीच तर दुसऱ्याने खाली उडी मारू नये, कारण पहिल्यामागून दुसरा ढिगारा येतो. खोदयंत्रानेही उकरू नये; बाजूंना आधार देऊन, हाताने आणि लहान फावड्याने, आधी तोंड आणि छाती मोकळी करावी.

सेप्टिक टाकी, जुनी विहीर, मॅनहोल यांबाबतही हेच सांगायचे आहे, फक्त तिथला धोका डोळ्यांना दिसत नाही. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो; तो 19.5 टक्क्यांखाली गेला की ती जागा असुरक्षित धरतात. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की वास घेण्याची क्षमताच बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटते. पहिला माणूस कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही तिथेच राहतो. मापकाने हवा तपासल्याशिवाय, हवा खेळती ठेवणारा पंखा आणि वर दोरी धरणारा माणूस असल्याशिवाय, कोणालाही आत पाठवू नये.

टेकू, वीज, वाहने

स्लॅब भरण्यापूर्वी सेंटरिंगचे, म्हणजे ओले काँक्रीट पेलणाऱ्या साच्याचे, टेकू ओळंब्यात आहेत का आणि त्यांचे पाय पक्क्या आधारावर आहेत का, हे पाहावे. काँक्रीटने पुरेशी ताकद धरल्याचे अभियंत्याने सांगितल्याशिवाय ते काढू नयेत.

वायरची उघडी टोके प्लगविना सॉकेटमध्ये खुपसण्याची पद्धत एका दिवसात बंद करता येते. त्यासाठी फक्त प्लग लागतात. हाताने चालवायच्या प्रत्येक यंत्राच्या वीजजोडणीला 30 मिलीअँपिअरचे गळतीरोधक यंत्र, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारे यंत्र, असावे आणि त्याचे चाचणीचे बटण दाबून बघावे. डोक्यावरून जाणाऱ्या वीजतारांपासून क्रेनचा हात, लांब सळया आणि परांचीचे पाइप किमान 3 मीटर दूर ठेवावेत. तारांतला विजेचा दाब जास्त असेल तर अंतरही त्या प्रमाणात वाढवावे. मागे येणाऱ्या वाहनासाठी इशारा देणारा एकच माणूस नेमावा. तो चालकाला दिसेनासा झाला की चालकाने थांबायचे, हा नियम ठेवावा.

हळूहळू होणाऱ्या दुखापती

पडणे दिसते, फुप्फुस खराब होणे दिसत नाही. दगड, काँक्रीट किंवा टाइल सुकी कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिचे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतच नाहीत. ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि सिलिकोसिस होतो. त्यावर आजही बरा करणारा इलाज नाही. कटरला पाण्याची धार लावणे हा यावरचा स्वस्त आणि खरा उपाय आहे. तोंडाला बांधलेला रुमाल ते बारीक कण अडवत नाही, त्यासाठी योग्य प्रतीचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसलेला हवा.

ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा पीएच 12 ते 13 असतो. काँक्रीटमध्ये गुडघे टेकून काम करणाऱ्याला सुरुवातीला काही जाणवत नाही. संध्याकाळी पँट काढताना कातडी भाजलेली दिसते. गमबूट, अल्कली सोसणारे हातमोजे आणि जवळ स्वच्छ पाणी एवढे हवेच, आणि बुटात काँक्रीट गेले तर जेवणाच्या सुट्टीची वाट न पाहता लगेच पाय धुवावा. आवाजाच्या बाबतीत, 85 डेसिबलवर 8 तास ही सर्वसाधारण मर्यादा मानतात आणि पुढे प्रत्येक 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर कानांना संरक्षण हवे.

उन्हात नव्याने कामाला लागलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण काम देऊ नये. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तो गोंधळल्यासारखा बोलू लागला किंवा चालताना लटपटला, तर तो आळस नसून उष्माघात असू शकतो. अशा वेळी आधी भरपूर पाण्याने आणि वाऱ्याने अंग थंड करावे, आणि ते करत असतानाच रुग्णवाहिका बोलवावी.

दहा मिनिटांचे बोलणे

पाहणी संपली की सगळ्यांना जवळ बोलवावे आणि फक्त आजच्या कामाविषयी बोलावे. कोणते भोक कुठे आहे, क्रेन कोणत्या बाजूने फिरणार, कोणता जिना बंद आहे, हे त्यांना समजणाऱ्या भाषेत सांगून एखाद्याकडून ते परत म्हणवून घ्यावे. नव्या माणसाकडे विशेष लक्ष द्यावे. कामावरच्या सुरुवातीच्या दिवसांत दुखापतीचे प्रमाण अधिक असते, आणि ‘मला माहीत नाही’ म्हणण्याचा संकोचही तेव्हाच सर्वांत जास्त असतो.

याच वेळी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावी: जिवावर बेतेल असे वाटले तर काम थांबवून बाजूला होण्याचा आणि तसे लगेच कळवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. बांधकामातील सुरक्षेविषयीच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1988 च्या 167 क्रमांकाच्या करारात हे लिहिलेले आहे. मात्र उक्त्यावर काम घेतलेल्या माणसाला थांबण्याचा प्रत्येक तास अंगाशी येतो, म्हणून थांबलेल्या वेळेची मजुरी मिळणार, हेही त्याच बोलण्यात सांगितले नाही तर तो हक्क कोणी वापरणार नाही.

अपघात झालाच तर

आधी जागा सुरक्षित करावी: वीज बंद, यंत्र बंद, वरचे काम बंद. शॉक लागलेल्याला वीज तोडल्याशिवाय हात लावू नये. मग एकाने रुग्णवाहिका बोलवावी, दुसऱ्याने फाटकावर थांबून तिला वाट दाखवावी. सगळेच जखमीभोवती गोळा झाले की हे काम कोणीच करत नाही.

उंचावरून पडलेल्याला उठवून बसवू नये, पाणी पाजू नये. मानेला किंवा कण्याला इजा असू शकते, म्हणून त्याचे डोके आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरावे. आग किंवा ढासळणारी भिंत यांसारखा तातडीचा धोका असेल तरच त्याला हलवावे. तो प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 या गतीने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्यावेत आणि मदत येईपर्यंत थांबू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने थेट जखमेवर जोर लावून दाबून धरावे. कापड सारखे उचलून पाहू नये. शरीरात घुसलेली सळई ओढून काढू नये, कारण तिनेच रक्त अडवलेले असू शकते. ती हलणार नाही अशी धरून ठेवावी. बोट तुटले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फावर ठेवावी; बोटाला बर्फ थेट लागू देऊ नये. डोळ्यात चुना किंवा सिमेंट गेल्यास पापण्या उघड्या धरून किमान 20 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि त्यानंतरच दवाखान्याकडे निघावे. खिळा रुतण्यासारख्या लहान जखमेतही धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी त्याच दिवशी करावी.

जखमीला नेल्यानंतर जागा आहे तशी ठेवावी, छायाचित्रे घ्यावीत आणि ज्यांनी पाहिले त्यांचे म्हणणे त्याच संध्याकाळी लिहून काढावे. लिहिताना ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ हे वाक्य टाळावे. त्या वाक्यापाशी चौकशी संपते आणि उघडे भोक तसेच राहते. कोणते झाकण सुटे होते, ते कोणी आणि का काढले, पाहणीत ते का दिसले नाही, हे लिहावे, आणि तसेच दुसरे झाकण साइटवर कुठे आहे का, हे दिवस मावळण्यापूर्वी फिरून पाहावे. थोडक्यात हुकलेले प्रसंगही याच वहीत नोंदवावेत: पडलेली पण कोणाला न लागलेली वीट, सरकलेली पण सावरलेली शिडी. सांगणाऱ्यावर रागावले तर पुढच्या वेळी ती नोंद येणार नाही.

जखमी माणूस कामावर परतेल तेव्हा डॉक्टरांनी कोणते काम करू नये असे सांगितले आहे, ते विचारून घ्यावे आणि सुरुवातीचे काही दिवस त्याला जमिनीवरचे काम द्यावे. उंचीवर जाण्यापूर्वी तो ज्या जागी पडला होता, ती जागा त्याला सोबत नेऊन दाखवावी, आणि तिथे बसवलेला कठडा त्याला स्वतःच्या हाताने हलवून पाहू द्यावा.